मंगळ कुणी पाहिला?

अमळनेरात मंगळ परका नाही. आमच्या गावात मंगळग्रहाचं देऊळ आहे आणि दर मंगळवारी तिथे लांबलांबच्या गाड्या लागतात. कुणी जमिनीच्या वादासाठी येतं, कुणी धंद्यासाठी, पण बरेच आईबाप येतात ते मुलीच्या पत्रिकेतल्या मंगळासाठी. त्यांची श्रद्धा त्यांच्यापाशी, तिच्याशी माझं भांडण नाही. पण त्या रांगेतल्या किती जणांनी आकाशातला मंगळ ओळखून पाहिला असेल, हे मला राहून राहून वाटतं. ज्याच्यामुळे मुलीचं लग्न अडतं असं ऐकलं, तो एकदा डोळ्यांनी पाहावा की नाही?

नातीला पहिली दुर्बीण घ्यायची ठरली तेव्हा हा प्रश्न घरातच येऊन बसला. पुण्याच्या भाच्याचं मत पक्कं होतं. ‘आत्या, आता स्मार्टच घे. जुन्या दुर्बिणीत तारा शोधता शोधताच पोर कंटाळेल.’ जानेवारी २०२५ मध्ये तो स्वतःची सीस्टार एस५० ही स्मार्ट दुर्बीण घेऊनच आला. गच्चीवर तिवई उघडली, मोबाइलवर बघून ती समतल केली आणि बोट टेकवलं. यंत्राने मान उचलली, आकाशाचा एक फोटो काढला, त्यातल्या तारका पोटातल्या नकाशाशी ताडून पाहिल्या आणि आपण कुठे बघतोय हे स्वतःच ठरवलं. मग ते मृगाच्या तेजोमेघाकडे वळलं. दहा-दहा सेकंदांच्या फ्रेम एकावर एक बसू लागल्या आणि मोबाइलच्या काचेवर आधी राखाडी धूर, मग गुलाबी पाकळी, मग तिच्या कडेची काळी खाच, असं चित्र भरत गेलं. तेराशे प्रकाशवर्षांवरचा मेघ! शेजारच्या मावशी ‘माले बी देखू दे’ म्हणत पुढे झाल्या. सगळ्यांनी माना मोबाइलवर वाकवल्या होत्या. मृग डोक्यावर होता आणि वर कुणीच बघत नव्हतं.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे मला गौतम मुनींचं न्यायसूत्र आठवणारच. इंद्रियाचा वस्तूशी संबंध येऊन जे ज्ञान होतं ते प्रत्यक्ष. मग हे प्रत्यक्ष कुणाला झालं? मेघाचा प्रकाश ५० मिलिमीटरच्या भिंगातून आत शिरला आणि सेन्सरवर संपला. आमच्या डोळ्यांत आला तो मोबाइलच्या पडद्याचा प्रकाश. भाचा म्हणाला, ‘मग चष्म्याचं काय? भिंगातून बघणं तरी कुठे प्रत्यक्ष आहे?’ शंका रास्त होती. पण भिंग प्रकाशाला वाकवतं, गोळा करतं आणि पुढे सोडतं. तो डोळ्यापर्यंत तोच राहतो. सेन्सरपाशी मात्र त्याचे आकडे होतात.

आमच्या गावात हा वाद नवा नाही. १९१६ साली श्रीमंत प्रतापशेठांनी इथे तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. १९३० च्या दशकात कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा विचारवंत कलकत्त्याकडून येऊन त्याचा संचालक झाला. ज्ञान म्हणजे काय, जाणणारा कोण, यावर इथे वर्षानुवर्षं काथ्याकूट झाला आहे. वेदान्तपरिभाषा या ग्रंथात धर्मराज अध्वरीन्द्रांनी प्रत्यक्षाला पाण्याचा दृष्टान्त दिला आहे. तळ्यातलं पाणी पाटाने शेतात जातं आणि वाफ्याचा आकार घेतं, तसं अंतःकरण डोळ्यावाटे बाहेर जाऊन वस्तूचा आकार घेतं. डोळा लावून बघायची, आयपीसची दुर्बीण हा लांब केलेला पाट आहे. स्मार्ट दुर्बिणीने येतं ते टँकरचं पाणी. पाणी तेच असतं, तहानही भागते आणि खान्देशात टँकरला कमी लेखायची कुणाची छाती नाही. पण पाट मध्येच तुटलेला असतो, हे मान्य करावं लागतं.

याचा अर्थ यंत्र खोटं दाखवतं असा मुळीच नाही. उलट ते डोळ्याहून जास्त खरं सांगतं. तेजोमेघाचा गुलाबी रंग तप्त हायड्रोजनचा, तिथे खरोखर असलेला. अंधारात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत, म्हणून मोठ्या दुर्बिणीतूनही तो आपल्याला राखाडीच दिसतो. ज्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ज्याच्या गच्चीभोवती दिव्यांचा लखलखाट आहे, त्याला ही दुर्बीण देणगीच आहे, आणि देवयानी दीर्घिका कुणी त्याच वाटेने पाहिली तर मला आनंदच होईल.

माझी अडचण मंगळापाशी आली. भाचा आला त्या आठवड्यात मंगळ पृथ्वीपासून साडेनऊ-दहा कोटी किलोमीटरवर, म्हणजे त्या फेरीत सर्वांत जवळ होता. भाच्याने यंत्र तिकडे वळवलं. काचेवर उमटला एक तांबूस ठिपका. या दुर्बिणीचं नाभीय अंतर २५० मिलिमीटर, त्यामुळे तेव्हाचा मंगळ सेन्सरवर जेमतेम सहा पिक्सेल रुंद पडतो. आकाशाचे मोठे तुकडे टिपायला ती बनवली आहे, ग्रह हे तिचं कामच नाही. आयपीसच्या सहा इंची डॉबसोनियन दुर्बिणीतून दीडशे पट मोठा केला तर तोच मंगळ नुसत्या डोळ्यांना चंद्र दिसतो तेवढा दिसतो. हवा स्थिर असली आणि चिकाटीने बघत राहिलं तर ध्रुवावरची पांढरी टोपी आणि अंगावरचा काळसर डागही हळूहळू डोळ्यात उतरतो.

डोळ्यांनी आकाश पाहण्याची परंपरा आमच्या जिल्ह्यात जुनी आहे. इथल्याच चाळीसगावजवळच्या पाटण्याला १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापला, त्याची ती नोंद. सिद्धान्तशिरोमणीच्या यंत्राध्यायात आचार्यांनी बरीच यंत्रं सांगितली आणि सगळ्यांत थोर ठरवलं ते धीयंत्राला. ते यंत्र म्हणजे हातातली एक काठी. काठीच्या टोकावरून नजर लावायची आणि बाकीचं बुद्धीने काढायचं. या जिल्ह्यातल्या मुलीने आकाश शिकायला सुरुवात करताना ही परंपरा सोडू नये असं मला वाटतं. तारा शोधताना येणारा कंटाळाही शिक्षणाचाच भाग आहे. मघा कुठे, पुनर्वसू कुठे, हे मानेला आणि हाताला कळावं लागतं.

पत्रिकेतला मंगळ मुलीला कुणीतरी सांगितलेला असतो. मोबाइलवरचा मंगळही तिला यंत्राने सांगितलेला असतो. दुसरं सांगणं पहिल्यापेक्षा फार विश्वासाचं आहे, यात शंका नाही, तरी दोन्हीकडे तिने मान्य करायचं एवढंच उरतं. आयपीसला डोळा लावून तिने पाहिलेला थरथरता नारिंगी गोळा मात्र तिचा स्वतःचा पुरावा आहे. उद्या कुणी तिला मंगळाचं भय घातलं, तर तिच्याकडे उत्तर असेल.

म्हणून आमच्या घरी सहा इंची डॉबसोनियन आली. स्मार्ट दुर्बीण नंतर घेऊ, तेजोमेघांची ओढ लागली की. तुमच्या घरात विचार चालू असेल तर आधी मुलांना विचारा, त्यांना काय पाहायचं आहे. आणि दुर्बीण असो वा नसो, १९ फेब्रुवारी २०२७ ची रात्र राखून ठेवा. त्या दिवशी मंगळ सूर्याच्या बरोबर समोर येईल, सिंह राशीत, मघेच्या जवळ, आणि रात्रभर आकाशात असेल. मुलींना गच्चीवर घेऊन जा आणि तो त्यांना दाखवा.