ब्रेल मास्तरांचा वर्ग

लुई ब्रेल हे नाव घेतलं की आपल्याला लिपी आठवते. माणूस आठवलाच, तर तीन वर्षांचं मूल आठवतं. वडिलांच्या खोगिरं शिवायच्या कारखान्यात आरीशी खेळताना डोळ्याला जखम करून घेतलेलं. शाळेच्या पुस्तकांतून तेवढंच येतं. मला मात्र त्यांच्या आयुष्याचा मधला भाग अधिक मोलाचा वाटतो. ब्रेल हे मास्तर होते. १८२८ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते पॅरिसच्या शाही अंधशाळेत साहाय्यक शिक्षक झाले, १८३३ मध्ये पूर्णवेळ शिक्षक. व्याकरण, भूगोल, अंकगणित आणि संगीत शिकवत त्यांनी आपलं आयुष्य वेचलं. त्यांची लिपी टिकली ती या वर्गामुळे, असं माझं मत आहे.

आधी शाळेविषयी. १७८५ च्या सुमारास व्हॅलेंतिन आउई या डोळस गृहस्थांनी ती सुरू केली. अंध मुलांना वाचता येईल, हेच तेव्हा कुणाला पटत नव्हतं. आउईंनी ओल्या कागदावर छापाची अक्षरं दाबून उठावदार केली आणि मुलांना ती बोटांनी ओळखायला शिकवलं. हे काम थोर होतं, त्याबद्दल दुमत नाही. पण ती अक्षरं मुळात डोळ्यांसाठी घडलेली. त्यांची वळणं, गाठी, बारीक फरक डोळा एका दृष्टीत टिपतो. बोटाला मात्र एकेका अक्षराची कड चाचपत जावं लागतं. अक्षरं मोठी, म्हणून पुस्तकं अवजड, म्हणून ती थोडी. आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे मुलांना वाचता येई, पण स्वतःच्या हातानं लिहिता येत नसे. वहीच नाही असा विद्यार्थी! टिपण नाही, पत्र नाही, खाडाखोडही नाही.

लुई १८१९ मध्ये, दहा वर्षांचा असताना, कूव्रे गावाहून या शाळेत आला. गावच्या साध्या शाळेत तो डोळस मुलांच्या बरोबरीनं बसला होता आणि नुसत्या कानांवर पहिल्या नंबरात राहिला होता. ऐकून किती शिकता येतं हे त्याला जितकं ठाऊक होतं, तितकं क्वचितच कुणाला असेल. ऐकून काय शिकता येत नाही, हेही त्यालाच ठाऊक होतं.

१८२१ मध्ये शार्ल बार्बिये हे तोफखान्यातले माजी अधिकारी आपली ठिपक्यांची पद्धत घेऊन शाळेत आले. जाड कागदावर टोचून उठवलेले ठिपके बोटाला रेषेपेक्षा चटकन कळतात, हा त्यांचा शोध खरा होता, आणि ब्रेल यांनी पुढे स्वतःच्या पुस्तकात त्यांचं ऋण मोकळेपणानं मानलं. पण बार्बियेंचे ठिपके अक्षरांचे नव्हते, ध्वनींचे होते. सहा ओळी, सहा रकाने, छत्तीस ध्वनी. एका खुणेत बारापर्यंत ठिपके, म्हणजे बोट वरखाली फिरवल्याशिवाय खूण पुरी होत नसे. शुद्धलेखन नाही, विरामचिन्हं नाहीत, आकडे नाहीत. उच्चार कळला की पुरे, असा त्यामागचा विचार होता.

शाळकरी लुईला ते पुरेसं वाटलं नाही. मला ही इथली सर्वांत मोठी घटना वाटते. बारा ठिपक्यांचे सहा झाले याचं कौतुक आपण करतो, आणि ते करायलाच हवं: सहा ठिपक्यांचं घर बोटाच्या एका टोकाखाली मावतं आणि त्यातून त्रेसष्ट वेगळ्या खुणा निघतात. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यानं ध्वनीच्या जागी अक्षर आणलं. डोळस मुलाला जे व्याकरण, जे शुद्धलेखन, जे गणित मिळतं, तेच सगळं हवं, उच्चारापुरतं नको, ही त्या मुलाची मागणी होती. पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये, लिपीचा गाभा तयार होता. १८२९ मध्ये पुस्तक निघालं. शब्द, संगीत आणि प्रार्थनागीतं ठिपक्यांनी कशी लिहावीत हे सांगणारं हे पुस्तक छापलं गेलं ते मात्र आउईंच्या उठावदार अक्षरांत.

आणि मग वर्ग. नवी लिपी एखाद्या विद्वानाच्या मेजावर राहिली असती, तर बार्बियेंच्या पद्धतीसारखी विस्मरणात गेली असती. ब्रेल यांच्यापाशी रोज समोर बसणारी मुलं होती. कुठली खूण बोटाखाली घोटाळा करते, कुठे मूल अडखळतं, हे त्यांना त्याच दिवशी कळत असणार. १८३७ मध्ये पुस्तकाची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात लिपीला आजचं रूप आलं. १८३८ मध्ये त्यांनी नवशिक्यांसाठी अंकगणिताचं छोटं पुस्तक केलं. १८३९ मध्ये त्यांनी आणखी एक पद्धत मांडली: ठिपक्यांनीच, पण डोळसांच्या अक्षरांचा आकार उमटेल अशी, म्हणजे अंध मुलानं लिहिलेलं पत्र घरी आईला वाचता यावं. हे सुचायला मास्तरच हवा.

१८४० मध्ये शाळेचे संचालक बदलले. जुने संचालक पिन्ये यांनी ठिपक्यांना वाव दिला होता. नव्या द्युफो यांनी तो काढून घेतला. जुनी पुस्तकं जाळली गेली, पुन्हा उठावदार अक्षरांचा आग्रह सुरू झाला. अंधांची लिपी डोळसांनाही वाचता यावी, नाहीतर अंध समाजापासून तुटतील, असं कारण दिलं जाई. ऐकायला ते सयुक्तिक वाटतं. पण नीट पाहिलं तर त्यात शिक्षकाची सोय आधी आहे, विद्यार्थ्याचं बोट नंतर. मुलांनी काय केलं? ती चोरून ठिपक्यांतच लिहीत राहिली. टोचायला काहीही टोकदार आणि एक जाड कागद एवढंच लागे. १८४४ मध्ये नव्या इमारतीच्या उद्घाटनाला, उपसंचालक ग्वादे यांच्या पुढाकारानं, याच लिपीचं जाहीर प्रात्यक्षिक झालं. सरकारी मान्यता १८५४ मध्ये आली. ब्रेल मास्तर क्षयानं ६ जानेवारी १८५२ रोजीच गेले होते. त्यांच्या मागे एक लहान पेटी निघाली. ती न उघडता जाळावी अशी त्यांची इच्छा होती. कुतूहलानं उघडली, तर आत विद्यार्थ्यांना वेळोवेळी दिलेल्या उसन्या पैशांच्या चिठ्ठ्या होत्या.

आपल्याकडे मुंबईत १९०० मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलर्ड यांनी अंध मुलांची शाळा काढली. भारतात तेव्हा एकच ब्रेल नव्हती, प्रांतोप्रांती वेगवेगळे संकेत होते. १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली आणि भारतीय भाषा एका चौकटीत आल्या. तिच्यात मराठी उच्चाराच्या क्रमानं लिहितात. छापील 'कि'मध्ये वेलांटी क-च्या आधी येते. ब्रेलमध्ये आधी क, मग इ. जोडाक्षराच्या अलीकडे चौथा ठिपका देऊन पुढचं अक्षर अर्धं आहे हे बोटाला आधीच सांगितलं जातं.

आज मोबाइल वाचून दाखवतो, पुस्तकं ध्वनिमुद्रित मिळतात, आणि 'आता ब्रेल कशाला?' हा प्रश्न शहाणी माणसंही विचारतात. ध्वनिपुस्तकांनी केलेलं काम मी कमी लेखत नाही. पण हा प्रश्न मला बार्बियेंचाच वाटतो: उच्चार कळला की पुरे ना? मराठीत तर तो मुळीच पुरत नाही. 'दिन' आणि 'दीन' हे शब्द मराठी बोलण्यात बहुतेकदा सारखेच ऐकू येतात. नुसत्या कानावर शिकलेल्या मुलाला पेपरात कुठला लिहायचा, हे कोण सांगणार? ब्रेलमध्ये दोन्ही शब्द तीन घरांचे आहेत; पहिलं आणि शेवटचं घर तेच. मधल्या घरात 'दिन'ला दुसरा आणि चौथा ठिपका असतो, 'दीन'ला तिसरा आणि पाचवा. पहिली-दुसरीतल्या मुलाचं बोट तिथे क्षणभर थांबतं, आणि मग पुढे जातं.