पाव्हणं, कुठलं गाव?

नवरात्रात कोल्हापुरात आमच्या मंगळवार पेठेत घराघरासमोर कुंड्या येतात. सजावटीसाठी नव्हे, दारात कुणी गाडी लावू नये म्हणून. अंबाबाईच्या दर्शनाला आलेली मंडळी जागा शोधत मिरजकर तिकटी ओलांडतात आणि जिथे चाके मावतील तिथे गाडी सोडून चालू लागतात. एका ललितापंचमीला माझ्याच दारात अशी गाडी आडवी होती आणि आईला दवाखान्यात न्यायचे होते. दोन तासांनी मालक आले, हातात प्रसादाची पिशवी. मी काय बोललो ते छापण्याजोगे नाही. ते मात्र शांतपणे म्हणाले, "एवढ्या लांबून आलोय हो देवीला."

त्याच डिसेंबरात आम्ही अलेप्पीला गेलो. हल्ली त्याला अलप्पुळा म्हणतात, पण सहलीच्या यादीत अजून 'पूर्वेचे व्हेनिस' असेच असते. दुपारी लहान होडीतून आतल्या कालव्यात शिरलो. दोन्ही काठांवर घरे, प्रत्येक घराला पाण्यात उतरणाऱ्या दोन-चार पायऱ्या. एका पायरीवर एक बाई भांडी घासत होती. मोबाइल कधी वर केला ते मलाच कळले नाही. बाईने एकदा पाहिले, अर्धी भांडी तशीच उचलली, आत गेली आणि दार लावले. माझ्या मनात काय आले असेल? "एवढ्या लांबून आलोय, एक फोटो काढला तर काय बिघडले?" प्रसादाची पिशवी आता माझ्या हातात होती.

अलेप्पी आमच्यासाठी वसलेली नाही, ही साधी गोष्ट त्या होडीत लक्षात राहत नाही. 1762 मध्ये ती बंदर म्हणून खुली झाली. पुढे त्रावणकोरचे दिवाण झालेले राजा केशवदास यांनी ती वसवली. कालवे खणले गेले ते मिरी आणि नारळाचा माल आतल्या खेड्यांतून समुद्रापर्यंत यावा म्हणून. आज ज्यांना आपण हाऊसबोट म्हणतो, ती मुळात भात वाहणारी केट्टुवळ्ळम, खिळा न वापरता काथ्याच्या दोरीने फळ्या बांधून केलेली. कोचीचे मोठे बंदर झाले, व्यापार तिकडे गेला आणि 1989 मध्ये अलेप्पी बंदराचे कामच थांबले. माल गेला, पाहुणे आले. भाताच्या जागी आम्ही भरले गेलो, डिझेलचे इंजिन आणि संडासासकट. त्या संडासांचे पाणी कुठे जाते, हे आमच्यापैकी एकानेही विचारले नाही. कालव्याला वास येतो, ही तक्रार मात्र सगळ्यांनी केली. हुतात्मा पार्कजवळ जयंती नदीला नाला म्हणून नाक दाबणारे आम्ही!

खऱ्या व्हेनिसला मी गेलेलो नाही. पण तिथले आकडे मला आमच्या गल्लीतलेच वाटतात. जुन्या शहरात 1951 मध्ये पावणेदोन लाख माणसे राहत होती. 2022 मध्ये ती पन्नास हजारांच्या खाली आली. तिथल्या एका औषधाच्या दुकानाने 2008 पासून काचेत पाटी लावली आहे. शहरात किती रहिवासी उरले, तो आकडा तिच्यावर दिसतो. तापाची गोळी घ्यायला जाणाऱ्याला रोज गावाचाही ताप कळतो. 25 एप्रिल 2024 पासून ठरावीक दिवशी, फक्त दिवसापुरते येणाऱ्यांकडून पाच युरो घेणे सुरू झाले. त्याच वर्षी गटात पंचवीसहून जास्त माणसे नकोत आणि वाटाड्याने कर्णा वापरू नये, असेही नियम आले. गर्दी मोजायला हे उपयोगी असेल. पण मला त्या पाच युरोंची भीती वाटते. पैसे दिले की माणूस पाहुण्याचा गिऱ्हाईक होतो, आणि गिऱ्हाइकाला वाटते की पुलाची पायरी, खिडकीतले वाळत घातलेले कपडे, भांडी घासणारी बाई, सगळे तिकिटात आले.

कोल्हापुरात अनोळखी माणसाला आपण 'पाव्हणं' म्हणतो. "काय पाव्हणं, कुठलं गाव?" या प्रश्नात चौकशी असते तशी जबाबदारीही. पाव्हण्याला पाणी द्यायचे ते आम्ही. पण पाव्हण्यानेही चपला दारात काढायच्या असतात, आतल्या खोलीत विचारल्याशिवाय जायचे नसते. हा करार कुणी लिहून ठेवलेला नाही.

(उलट बाजूही आहे. अणस्कुरा घाटाने ज्या राजापूर बंदराशी आपला घाटमाथा जोडलेला होता, त्याची खाडी गाळाने भरली आणि बंदर संपले. तिथे आपण जातो ते गंगेसाठी. बंदर कुठे होते हे विचारणारा पाहुणा मला तरी भेटलेला नाही. गाव पाहुण्यांनी दबते, तसे कुणी न विचारल्यानेही झिजते.)

पाव्हणा म्हटले की मला एका कोल्हापूरकराची आठवण होते. छत्रपती राजाराम महाराज, म्हणजे ज्यांच्या नावाने आपले राजाराम कॉलेज आहे ते, 1870 मध्ये युरोपच्या प्रवासाला गेले. इंग्लंड पाहून परतताना 30 नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये त्यांचे निधन झाले. वय अवघे वीस. त्या शहरात दहनाची रीत नव्हती. तरीही नगरपालिकेने खास परवानगी दिली आणि शहराच्या टोकाला, जिथे मुन्योने हा ओढा अर्नो नदीला मिळतो, तिथे संगमावर या परक्या राजाला अग्नी दिला गेला. 1874 मध्ये त्याच जागी छत्रीखाली त्यांचा रंगीत अर्धपुतळा बसला. छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा, ज्यांनी पुढे आपला नवा राजवाडा आखला. शंभर वर्षांनी जवळच मोठा पूल बांधला, तेव्हा फ्लॉरेन्सकरांनी त्याला नाव दिले 'पोन्ते आल्लिंदियानो', म्हणजे त्या हिंदी माणसापाशी असलेला पूल.

महाराजांनी त्या शहराकडे काही मागितले नव्हते, मागण्याच्या स्थितीतही ते नव्हते. यजमानाने आपल्या रीतीला मुरड घातली ती गिऱ्हाइकासाठी नव्हे. हे ऋण आपल्या गावावर आहे, असे मी मानतो. ते फ्लॉरेन्सलाच फेडावे असेही नाही. अलेप्पीच्या त्या पायरीवर फेडता आले असते.

तो फोटो मी पुसून टाकला. त्या बाईला ते कळण्याचा काही मार्ग नाही. यंदा कुंडी बाहेर ठेवणार आहेच, कारण आईचा दवाखाना चुकत नाही. शेजारी पाण्याचा माठही ठेवीन.

तुमच्यापैकी कुणी युरोपच्या सहलीत फ्लॉरेन्सला उतरणार असाल, तर एक संध्याकाळ काशिने बागेच्या पार टोकापर्यंत चालत जा आणि त्या छत्रीपाशी आपल्या गावाचे नाव सांगून या.