तपासनीसाची तपासणी

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १५५ शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याला वकिलाइतकेच ठाऊक असते. लेखनातल्या चुका दुरुस्त करण्यासाठीचे हे कलम. सातबाऱ्यावर नावाची वेलांटी बदलली, आजोबांच्या नावातले एक अक्षर गळाले, ४० आरचे ४ आर झाले, की हा अर्ज करायचा, जुन्या फेरफाराच्या नकला काढायच्या आणि तहसील कचेरीत हेलपाटे घालायचे. खरेदीखतात चूक राहिली तर दुय्यम निबंधकाकडे चूक दुरुस्ती दस्त. त्यासाठी सगळे सह्या करणारे पुन्हा एकत्र आणायचे. तोवर एखादा वारलेला असतो, एखाद्याचे मन फिरलेले असते. मराठी लेखनातल्या चुकीची किंमत पैशांत आणि दिवसांत मोजली जाते, ती अशी.

म्हणूनच व्याकरण तपासणारी आणि मजकूर लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने इथे येताना त्यांची पारख गंभीरपणे व्हायला हवी. या दोन तालुक्यांत लिहिण्यावर पोट असणारी माणसे कमी नाहीत. कचेरीबाहेरचे दस्तलेखक, तालुका वार्ताहर, पतसंस्थेचे अहवाल लिहिणारे सचिव, ग्रामसभेचे इतिवृत्त लिहिणारे ग्रामसेवक, रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत कामगारांसाठी सूचना काढणारे कर्मचारी, लग्नपत्रिका आणि फ्लेक्स जुळवणारे डीटीपीवाले. मोबाइलवर मजकूर टाकला की तो क्षणात ‘सुधारून’ मिळतो. पण तो खरोखर सुधारला की नुसता बदलला, हे ठरवायचे कसे? कंपन्या जे गुण मिरवतात ते बहुतेक इंग्रजीवरचे असतात. घोडनदीच्या दस्तलेखकाला त्यांचा उपयोग नाही.

आधी यंत्र काय करते ते पाहू. जुन्या पद्धतीचा तपासनीस शब्दयादीवर चालतो. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्समध्ये असलेला हन्स्पेल मुळात लास्लो नेमेथ यांनी हंगेरियन भाषेसाठी बनवला. हंगेरियनही मराठीसारखी प्रत्ययांवर प्रत्यय चढवणारी भाषा, त्यामुळे त्याची बांधणी आपल्याला सोयीची आहे: एका फाइलमध्ये मूळ शब्द, दुसरीत प्रत्ययांचे नियम. अडचण नियमांच्या पोटात आहे. वकील, पण वकिलांनी. जमीन, पण जमिनीत. शिक्रापूर, पण शिक्रापुरात. आणि शरीर मात्र शरीरालाच, कारण तो तत्सम शब्द. म्हणजे शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला की नाही, हे यंत्राला शब्दागणिक सांगून ठेवावे लागते. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ मध्ये वाढवलेले चार, असे अठरा नियम पाठ केले तरी माणूस इथे अडखळतो. अरुण फडके यांना ‘मराठी लेखन-कोश’ करावासा वाटला तो याच गरजेतून. नियमाइतकीच तयार रूपांची यादी लागते.

शब्दयादीची मर्यादाही उघड आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ दोन्ही शब्द बरोबर; वाक्यात कोणता हवा होता, हे यादीला कळत नाही. चतुःसीमेत ‘उत्तरेस’च्या जागी ‘दक्षिणेस’ पडले तर ती अवाक्षर काढत नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि संदर्भ पाहणारे साधन सर्वांच्या हाती पडले. ही प्रारूपे आधीच्या मजकुरावरून पुढचा शब्दखंड कोणता असेल याचा अंदाज बांधत जातात. अंदाज किती पक्का, हे वाचलेल्या मजकुरावर अवलंबून. जीपीटी-३ ला ३०० अब्ज शब्दखंडांवर शिकवले गेले, त्यांत इंग्रजीचा वाटा प्रचंड. पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने २०२२ मध्ये खुला केलेला ‘महाकॉर्पस’ हा मराठी मजकुराचा मोलाचा साठा २८.९ कोटी शब्दखंडांचा आहे. या तफावतीचा परिणाम वाचताना जाणवतो. यंत्राची मराठी गुळगुळीत असते, पण तिच्याखाली दुसरी भाषा असते. ‘हे सुनिश्चित करा’, ‘महत्त्वपूर्ण भूमिका बजावते’ अशी वाक्ये शुद्धलेखनाच्या कोणत्याही नियमात अडकत नाहीत आणि तरी पाबळच्या बाजारात कोणाच्या तोंडून येणार नाहीत. उलट त्याच पट्ट्यातल्या म्हातारीचे ‘मपलं’ वार्ताहराने अवतरणचिन्हांत जसेच्या तसे दिले, तर यंत्राला ती चूक वाटू शकते. बोललेले शब्द बदलणारे साधन बातमीच्या कामाचे नाही.

खरी परीक्षा कागदावर. समजा, खरेदीखताचा एक परिच्छेद घेतला आणि त्यात मुद्दाम पाच चुका पेरल्या: दोन वेलांटीच्या, एक लिंगवचनाची, एक चतुःसीमेतली उलटापालट आणि एक रकमेतली, म्हणजे आकड्यात ४,५०,००० आणि अक्षरी ‘चार लाख पाच हजार’. वेलांट्या पकडल्या म्हणून साधनाला शाबासकी देण्याची घाई नको. रकमेतली विसंगती त्याने दाखवली का? दाखवली, तर आपणहून एक आकडा निवडून दुसरा गुपचूप बदलला, की ‘यातले खरे कोणते?’ असे विचारले? दस्ताच्या कामात या दोन वागण्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि त्याहून महत्त्वाचे: जे बरोबर होते त्यातले काय काय बदलले? ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ हे शब्द दस्तात ठरलेले आहेत. ‘पोटखराबा’, ‘वहिवाट’ यांना गोंडस पर्याय नकोत. ‘साठेखत’ म्हणजे ‘खरेदीखत’ नव्हे. एकाने पुढे विकण्याचा करार होतो, दुसऱ्याने मालकी जाते.

सरकारी पत्रातही तेच. ‘ग्रामसेवकांनी उचित कार्यवाही करावी’ या वाक्याला सोपे करताना ‘कार्यवाही’ची ‘कारवाई’ झाली, तर ग्रामसेवकाने काम करायचे आहे की कोणाला शिक्षा करायची आहे, हेच बदलते. लाल रेघ कुठेच दिसत नाही, वाक्य छान वाटते आणि अर्थ गेलेला असतो.

भाषातंत्रज्ञांनी हे तत्त्व आकड्यात बसवलेले आहे. इंग्रजीतल्या व्याकरणदुरुस्तीची २०१४ ची सीओएनएलएल स्पर्धा आजही संदर्भासाठी घेतली जाते. तिथे किती चुका सापडल्या यापेक्षा सुचवलेल्यांपैकी किती दुरुस्त्या खऱ्या होत्या, याला दुप्पट वजन दिले होते. सुटलेली चूक माणूस नंतरही पकडू शकतो. यंत्राने विश्वासाने घातलेली चूक पकडणे फार अवघड, कारण तिथे कोणी पुन्हा पाहत नाही. तालुक्यातल्या कामाला हाच निकष लावावा.

यंत्रातून आलेला मजकूर तपासण्याचा मोठा प्रयोग आपल्याकडे झालेलाही आहे. हस्तलिखित सातबारे संगणकात चढवताना झालेल्या चुका शोधण्यासाठी २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचन झाले. संगणकीकृत सातबारा गावात मोठ्याने वाचायचा, खातेदारांनी ऐकायचे आणि चूक असेल तिथे हरकत घ्यायची. मजकूर बरोबर आहे का, हे ज्याचे त्यात हित आहे त्याला विचारायचे, ही त्यामागची दृष्टी. कोणत्याही लेखन-साधनाची यापेक्षा चांगली परीक्षा सुचत नाही. दस्ताचा मसुदा पक्षकारांना वाचून दाखवण्याची रीत जुनीच. यंत्राने तयार केलेल्या मसुद्याला ती दुप्पट लागू होते.

वाचणाऱ्याला समजणे हा निकष दौंड तालुक्यात त्याहून जुना आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. आधीचे संस्कृतप्रचुर भाषांतर साध्या स्त्रियांना कळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ज्यांच्या संस्कृत विद्वत्तेचा गौरव १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून केला, त्या बाईंनी जाणूनबुजून सोपी मराठी निवडली. खिळे जुळवणे, छपाई, बांधणी ही कामे मुक्तीतल्या स्त्रियांनी तिथल्याच छापखान्यात केली. रमाबाई एप्रिल १९२२ मध्ये गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. धर्मविचार बाजूला ठेवला तरी व्यावसायिक मराठी लेखनाचा हा धडा थोर आहे: आधी वाचक कोण ते ठरले, मग भाषा.

इथे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पदरात तिचे श्रेय टाकायला हवे. चार ओळींचे शासकीय वाक्य तोडून दोन सरळ वाक्ये करून देणे तिला चांगले जमते. कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यातली इंग्रजी सुरक्षा-सूचना मराठीत आणण्यासाठी पहिला कच्चा खर्डा तिच्याकडून घ्यावा. मात्र तो भिंतीवर लावण्याआधी पाळीवरच्या कामगाराला वाचायला द्यावा आणि ‘आता काय कराल?’ असे विचारावे. त्याच्या उत्तरावर साधनाचे गुण ठरतात.

एक अडथळा तर परीक्षेच्या आधीच येतो. डीटीपीच्या दुकानांत श्री-लिपीसारखे जुने फॉन्ट अजून चालतात. त्यात पडद्यावर मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची खिचडी असते. असा मजकूर कोणताही तपासनीस वाचू शकत नाही. तो युनिकोडमध्ये रूपांतरित करताना जोडाक्षरे आणि रफार बिघडतात, आणि मग साधनाला दोष दिला जातो.

दुसरी बाब गोपनीयतेची. खरेदीखतात आधार क्रमांक, पॅन, पत्ता, वारसांची नावे असतात. ते जसेच्या तसे फुकट ॲपमध्ये चिकटवणे म्हणजे पक्षकाराची माहिती त्याला न विचारता तिसऱ्याला देणे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संसदेने केला आहे. पण कायदा नसता तरी दस्तलेखकावर टाकलेल्या विश्वासाचा हा प्रश्न होताच. नावे आणि आकडे काढून टाकूनच मजकूर द्यावा.

जबाबदारी कोणाची, याचा निवाडा न्यायालयांनी पुरेसा स्पष्ट केला आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयात दाखल केले आणि ५,००० डॉलरचा दंड झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर खात्याचा एक आदेश रद्द केला, कारण त्यात आधाराला घेतलेले निवाडे सापडतच नव्हते. यंत्रातून आलेले निष्कर्ष पडताळल्याशिवाय वापरू नयेत, असे न्यायालयाने बजावले. सही ज्याची, चूक त्याची.

तेव्हा आजचा निवाडा असा. साधे पत्र, सूचना, अहवालाचा पहिला खर्डा यांसाठी ही साधने जरूर वापरावीत. दस्त, ठराव, जबाब आणि कोणाच्या तोंडचे शब्द यांत त्यांना फक्त खुणा करू द्याव्यात, बदल करू देऊ नयेत. मूळ मजकूर आणि बदललेला मजकूर शेजारी ठेवून प्रत्येक फरक दाखवत नाही, असे साधन फुकट मिळाले तरी धंद्यासाठी घेऊ नये.

आणि साधन सुधारायचे तर त्याला शिकवण्याची सामग्री इथूनच द्यावी लागेल. त्या २०१४ च्या स्पर्धेमागे सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठाचा साठा होता: विद्यार्थ्यांचे सुमारे १,४०० निबंध आणि शिक्षकांनी त्यांत खुणा करून दिलेल्या दुरुस्त्या. शिरूर-दौंडच्या शाळा-महाविद्यालयांत मराठीचे शिक्षक रोज लाल शाईने हेच काम करतात आणि वर्षअखेरीस त्या वह्या रद्दीत जातात. राज्य मराठी विकास संस्थेने आणि पुणे जिल्हा परिषदेने विद्यार्थ्यांची नावे काढून, पालकांची संमती घेऊन या वह्या गोळा कराव्यात, युनिकोडमध्ये उतरवाव्यात आणि सर्वांना खुल्या कराव्यात. ज्या शिक्षकांकडे यंदाच्या तपासलेल्या वह्या आहेत, त्यांनी त्या मे महिन्यात रद्दीवाल्याला देऊ नयेत.