वरच्या आळीचं पाणी

सह्याद्रीच्या पूर्वेला, पाऊस जेमतेम पडणाऱ्या पट्ट्यातलं एक गाव. मतदार 1,140. खाली गावठाण, त्यात ग्रामपंचायत, शाळा आणि मारुतीचं देऊळ. ओढा ओलांडून चढ चढलं की वरची आळी, चाळीसेक घरांची. गावाला जलजीवन मिशनमधून नळयोजना मंजूर झाली तेव्हा सरपंचपदावर एक तरुण बाई होती. शिकलेली, कामाला वाघ, पंचायतीच्या पै-पैचा हिशेब चोख ठेवणारी. वाईट माणसाच्या हातून गावाचं नुकसान कसं होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. चांगल्या माणसाच्या हातून ते कसं होता होता राहिलं, हे सांगायला हवं.

योजना 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडायची ठरली. सभा भरायला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. झेंडावंदन झालं, मुलांना खाऊ वाटला आणि सभेला उरले अडतीस. सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, म्हणून ती पुढच्या आठवड्यात सोळा जणांत उरकली. त्याआधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असते. ती सकाळी अकराला ठेवली होती. खुरपणीचे दिवस, बाया रोजंदारीवर, कोण येणार? मग वही घेऊन शिपाई दोन संध्याकाळी घरोघर फिरला. "पाण्याच्या योजनेची सही हाय," एवढं सांगितलं की कोण नाही म्हणतं! ठरावाखाली ग्रामसेवकाने लिहिलं: सर्वानुमते मंजूर.

सरपंचबाईंना यात खटकलं नाही असं नाही. पण "वेळेत काम सुरू झालं नाही तर निधी परत जाईल" हे वाक्य तालुक्याहून आलं होतं, आणि या वाक्यापुढे भल्याभल्यांचा धीर सुटतो.

शाळेमागच्या मोकळ्या जागेत टाकीची आखणी सुरू झाली. फक्कीच्या पांढऱ्या रेघा पडल्या. डोक्यावर हंडा घेऊन उतरणारी वरच्या आळीतली एक म्हातारी तिथे थांबली.

"सूनबाई, टाकी हितं बांधताय?"

"होय आजी. आता हंडे वाहायला नकोत. घरात नळ येणार."

"खालच्यांच्या येईल. जुन्या लायनीला शाळंचा नळ धो धो चालतो तवा आमच्या नळाला नुसता वारा येतो. पाणी चढ चढंल का?"

सरपंचबाईंनी अभियंत्याकडे पाहिलं. त्याने कागद उघडला. गावातलं सर्वांत उंच घर कोणतं, असं त्याने रीतसर विचारलं होतं. पंचायतीच्या कचेरीत त्या दिवशी बसलेल्या चौघांनी खिडकीतून मारुतीच्या देवळाकडे बोट दाखवलं होतं. कोणाच्या मनात पाप नव्हतं. वरच्या आळीत राहणारं त्या चौघांत कोणी नव्हतं, एवढंच.

बाई तडक कचेरीत गेल्या आणि ठरावाची वही काढली. म्हातारीचा अंगठा त्यात होता. शाई जरा पसरलेली, पण ठसा स्पष्ट. ज्या टाकीचं पाणी तिच्या दारात चढणार नव्हतं, तिला तिने मंजुरी दिलेली होती.

काम थांबलं.

मासिक सभेत सदस्य चिडले. "ठराव झालाय, ग्रामसेवक भाऊसाहेबांनी प्रत पाठवलीय, आता कशाला उकरता?" ग्रामसेवकही हवालदिल झाला; फेरप्रस्ताव म्हणजे पुन्हा अंदाजपत्रक, पुन्हा तांत्रिक मंजुरी. बाईंनी वाद घातला नाही. चहाचे पेले घेऊन दाराशी उभ्या असलेल्या माणसाला त्यांनी आत बोलावलं. गावाला पाणी सोडणारा कर्मचारी तो. कोणता व्हॉल्व्ह किती फेरे उघडला की कुठल्या गल्लीला किती वेळ पाणी पोचतं, हे त्याला तोंडपाठ. आजवरच्या प्रत्येक पाणीसभेत तो हजर होता, आणि आजवर त्याला एकानेही काही विचारलं नव्हतं. "वरच्या आळीला पाणी द्यायचं तर सगळं गाव बंद करावं लागतं," तो म्हणाला. "तरी शेवटच्या सात घरांना मिळत नाही."

या वेळी महिलांची सभा वरच्या आळीत, समाजमंदिराच्या ओट्यावर, रात्री आठला भरली. स्वयंपाक उरकून बाया आल्या. पाणी समितीत निम्म्या महिला हव्यात म्हणून काही बायकांची नावं आधीच कागदावर चढली होती. त्यांतल्या दोघींना आपण समितीत आहोत हे त्या रात्री कळलं! आळीतल्या एका गवंड्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मोजणी करायचं कबूल केलं.

ती मोजणी मला या गोष्टीचा गाभा वाटते. गवंड्याकडे त्याची रोजची पारदर्शक नळी होती, पाणी भरलेली. नळीचं एक टोक आखणीच्या खुंटीशी उभ्या पट्टीला धरलं, दुसरं चढावर जमिनीला टेकवलं. दोन्हीकडे पाणी एका पातळीत येऊन थांबेपर्यंत सगळे गप्प. पट्टीवर खूण, आकडा खडूने दगडावर, मग पुढचा टप्पा. असं करत माणसं, पोरंटोरं, सदस्य, अभियंतासुद्धा शेवटच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत चढले. बेरीज आली 36 फूट. नकाशात टाकीचा तळ जमिनीपासून दहा मीटर, म्हणजे जेमतेम 33 फुटांवर. नळाची तोटी तर उंबऱ्याच्याही वर. भाषण करायची गरज उरली नाही. ठराव उकरू नका म्हणणारा सदस्यच पहिल्यांदा बोलला, "मग टाकी वरच्या टेकाडावर घ्या."

इथून पुढचं काम सोपं नव्हतं, आणि ते सोपं होतं असं भासवणं गावावर अन्याय होईल. टेकाडावर टाकी जमिनीलगत बांधता येत होती, खांबांचा खर्च वाचत होता. पण विहिरीपासून चढती नळवाहिनी लांबत होती. त्यासाठी पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशांकडे वळावं लागलं. त्यातला 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला, आणि तो आधीच दुसऱ्या कामांना लावलेला. उरलेल्या अबंधित निधीतून गावाच्या वेशीवर कमान धरली होती. कमान रद्द झाली. तरुण मंडळी रुसली. टेकाड एका शेतकऱ्याचं. दोन गुंठे तो बक्षीसपत्राने द्यायला तयार होता, पण आधी शेताकडची पाणंद मोकळी करा म्हणाला. पाणंदीवर अकरा जणांची अतिक्रमणं. आणि या सगळ्यात एक उन्हाळा टँकरवर गेला. त्या उन्हाळ्यात लोक बाईंना तोंडावर बोलले. बोलणाऱ्यांत वरच्या आळीचेही होते.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवतात आणि त्यावरून पिकं ठरवतात. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखात एकमत होईपर्यंत चर्चा चालू ठेवतात. बाहेरून पाहणाऱ्याला यात वेळ जाताना दिसतो. पण तोच वेळ आधी दिला नाही तर नंतर हंड्यांच्या खेपांनी फेडावा लागतो, आणि फेडणारी माणसं सहसा तीच असतात ज्यांना विचारलेलं नसतं. 1993 साली 73वी घटनादुरुस्ती लागू झाली, ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. ती जागा भरायची की वहीने भागवायचं, हे दिल्ली ठरवू शकत नाही.

अंतिम ग्रामसभा रविवारी संध्याकाळी घेतली. सात दिवस आधी नोटीस लागली, दवंडी दोन्ही वस्त्यांत फिरली. माणसं आली दोनशेच्या वर. पाणंदीवरून आवाज चढले, दोघे उठून गेले आणि परत आले. रात्री साडेदहाला हात वर करून मतं मोजली. ग्रामसेवकाने सवयीने ठरावाखाली "सर्वानुमते" लिहायला घेतलं, तेव्हा बाईंनी त्यांना थांबवलं. "भाऊसाहेब, ज्यांचा विरोध आहे त्यांची नावं लिहा. कारणासकट."

अकरा नावं लिहिली गेली. कोणाचा गोठा जात होता, कोणाची गंजी लावायची जागा. एकाने लेखी मागितलं की खरिपाची काढणी होईपर्यंत पाणंदीचं काम धरू नये. ते मान्य झालं आणि ठरावात आलं. पाणंद काढणीनंतर, मोजणी आणून, पोलीस न बोलावता मोकळी झाली. टाकीच्या जागेचं बक्षीसपत्र त्याच आठवड्यात नोंदलं गेलं. पुढच्या ग्रामसभेला त्या अकरांतले नऊ जण वेळेआधी येऊन बसले होते. गोठ्यांना पर्यायी जागा कुठे देणार, हा विषय त्यांनी स्वतःच लेखी दिला होता.