सांभाळून घेणारा तुकडा

‘सांभाळून घे’ हा सल्ला प्रत्येक घरात, प्रत्येक ऑफिसात ठरावीक माणसालाच का मिळतो? आणि त्याने सांभाळून घेतलं, तर ते चांगलंच झालं असं म्हणायचं का?

मी नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत मशीनच्या मेन्टेनन्सचं काम करतो. त्यामुळे हा प्रश्न मला कपलिंगच्या रूपात रोज भेटतो. कपलिंग म्हणजे दोन शाफ्ट जोडणारा भाग. एकीकडे मोटर, दुसरीकडे पंप. छोट्या पंपांवर बहुतेक वेळा दोन दातेरी लोखंडी तुकडे असतात आणि त्यांच्या मधे चांदणीसारखं एक रबर. त्याला स्पायडर म्हणतात.

दोन शाफ्ट तंतोतंत एका रेषेत कधीच राहत नाहीत. पाया बसतो, पाइप ओढतात, धातू तापून वाढतो. अर्धा मीटर उंचीचं पोलादी मशीन 50 अंशांनी तापलं, तर त्याचा शाफ्ट साधारण 0.3 मिलिमीटर वर जातो. हा फरक स्पायडर पोटात घालतो. म्हणजे सांभाळून घेणं ही गरजच आहे. त्याशिवाय दोन वेगळ्या गोष्टी एकत्र चालूच शकत नाहीत.

पण मोटर मिनिटाला 1,450 फेरे फिरत असेल आणि शाफ्ट वाकडे असतील, तर ते रबर दर फेऱ्याला दाबलं जातं आणि सुटतं. दिवसाला 20 लाखांहून जास्त वेळा. बाहेरून मशीन छान चाललेलं दिसतं. आत रबर तापतं, झिजतं, आणि उरलेला ताण दोन्हीकडच्या बेअरिंगवर जातो. स्पायडर जितका समजूतदार, तितका मूळ दोष जास्त दिवस लपतो.

रबर फाटलं की नवं टाकायचं, हा सोपा मार्ग. ते स्वस्त असतं आणि काम लवकर उरकतं. अलाइनमेंट करायची तर मशीन बराच वेळ बंद ठेवावं लागतं. आमच्याकडचे एक जुने फिटर अशा वेळी म्हणतात, “रबर किती वेळा बदलशीन बावा? मोटरच सरळ बसली नाई तं थे काय करन?”

घरात बाबा आणि मुलाचं पटत नाही. “त्यांना सांगू नको, मी बघते,” असं आई म्हणते. वर्षानुवर्षं दोघांचं बरं चालतं, कारण दोघांमधला फरक रोज तिच्यात जिरतो. मशीनमध्ये सगळ्यात स्वस्त तुकड्याने झिजावं, हे योग्यच आहे. तो त्यासाठीच बनवलेला असतो. माणसांत कुणी स्वस्त नसतं. तिथे आपण हे काम ज्याच्या तक्रारीला सगळ्यात कमी किंमत आहे त्याच्यावर टाकतो आणि वर त्याच्या स्वभावाचं कौतुक करतो.

नागपूरजवळ कोराडीच्या वीज केंद्रात 660 मेगावॅटचे तीन संच आहेत. एवढ्या मोठ्या टर्बाइनचे रोटर एकमेकांना बोल्टने घट्ट जोडलेले असतात, मिनिटाला 3,000 फेरे फिरतात, आणि मधे रबर नसतं. कुणीही सांभाळून घेणार नाही हे आधीच माहीत असतं, म्हणून बेअरिंगची उंची मिलिमीटरच्या शतांशापर्यंत मोजून लावतात. आई ‘मी बघते’ म्हणायची थांबली, तर कदाचित बाबा आणि मुलगाही तितक्याच काळजीने बोलायला बसतील. थोडी आदळआपट होईल, हे मला मान्य आहे. पण तोवर झीज कुणाची होत होती, हे तरी दिसेल.

मग हलायचं कुणी? अलाइनमेंट करताना डायल गेज लावतो, शाफ्ट हाताने फिरवून फरक मोजतो, आणि पायांखाली पातळ पत्रे म्हणजे शिम घालतो. हे पत्रे बहुतेक वेळा मोटरच्या पायांखाली जातात. पंप पाइपांनी बांधलेला असतो. त्याला सरकवलं तर सगळी लाइन ताणली जाते. मोटरला फक्त एक केबल असते. ताकद तिची, मोकळीकही तिचीच, म्हणून आधी तिने सरकायचं.

माझ्या मते माणसांतही हाच क्रम असावा. दोघांत पटत नसेल, तर मधल्याला ‘सांभाळून घे’ म्हणण्याआधी पाहावं, की दोघांपैकी पाइपांनी बांधलेलं कोण आहे, आणि नुसत्या एका केबलवर कोण उभं आहे.