दुर्मिळतेचा व्यापार

अमेरिकेंतील फंको या कंपनीनें २०२३ च्या मार्च महिन्यांत असें जाहीर केलें कीं, आपल्याकडे साचलेला ३ कोटी ते ३ कोटी ६० लक्ष डॉलर किंमतीचा माल ती वर्षाच्या पहिल्या सहामाहींत नष्ट करणार आहे. वखारींत जागा उरली नव्हती. माल ठेवून घेण्याचा खर्च परवडेनासा झाला होता. मोठें डोकें, काळे वाटोळे डोळे आणि बहुधा तोंडच नाहीं, अशा सुमारें चार इंच उंचीच्या विनाइलच्या मूर्तींसाठीं ही कंपनी प्रसिद्ध आहे.

ज्याच्या घरांत मूल आहे अशा कोणाहि गृहस्थाच्या मनांत पहिला प्रश्न येईल तो हा कीं, हा माल गरीब मुलांस कां वांटला नाहीं? आमच्याहि मनांत तोच आला. परंतु विचार करूं लागलों तों दिसलें कीं, यांपैकीं पुष्कळ मूर्ति खेळण्यासाठीं विकल्याच जात नव्हत्या. क्वचित् एखादी निराळ्या रंगाची काढावयाची, कांहींचें उत्पादन कायमचें बंद झाल्याची वार्ता द्यावयाची, आणि घेणाऱ्यानें ती डबी न उघडतां कपाटांत ठेवावयाची, असा हा व्यवहार. संग्राहक पैसे देतो ते एका वचनासाठीं: ही वस्तु दुसऱ्यांस सहज मिळणार नाहीं. तीच फुकट वांटली कीं वचन मोडलें. तेव्हां माल नष्ट करणारी कंपनी उशिरानें कां होईना वचन पाळीत होती, असा विलक्षण युक्तिवाद येथें उभा राहतो. आणि तो खोडून काढणें वाटतें तितकें सोपें नाहीं.

आमचा आक्षेप त्याच्या अलीकडचा आहे. दुर्मिळतेवर ज्यानें धंदा उभारला त्याच्याकडेच २०२२ च्या अखेरीस २४ कोटी ६४ लक्ष डॉलरचा, म्हणजे मागील वर्षाहून शेंकडा ४८ अधिक, माल पडून असावा, येथेंच खोटेपणा झाला. नाश हा केवळ त्याचा पुरावा पुसणें होय. मातीची मूर्ति आपणहि पाण्यांत सोडतों, पण ती घरीं पाहुणी राहून, आरती घेऊन जाते. एकाहि घराचा उंबरठा न ओलांडलेली मूर्ति कचऱ्यांत लोटणें हें विसर्जन नव्हे.

जर्मनींतील हुमेल मूर्तींची कथा या संदर्भांत आठवते. एका ख्रिस्ती संन्यासिनीनें काढलेल्या मुलांच्या चित्रांवरून गोबेल कारखान्यानें १९३५ सालीं त्या घडविण्यास आरंभ केला. महायुद्धानंतर अमेरिकन शिपायांनीं त्या घरोघर नेल्या. हातानें रंगविलेल्या त्या मूर्तींत कसब खरें होतें; तरी पुढें किंमतीच्या पुस्तिका निघाल्या आणि प्रेमानें जपलेली वस्तु हळूहळू ठेव बनली. ती पिढी ओसरली तशीं असंख्य कपाटें रिकामीं होऊं लागलीं, घेणारे उरले थोडे, आणि २००८ सालीं गोबेलनें हें काम सोडलें. मग तें दुसऱ्यांनीं चालविलें.

फंकोनें २०२५ सालीं आपल्याच अहवालांत, आपला व्यवसाय चालू राहील कीं नाहीं याविषयीं गंभीर शंका नोंदविली. कर्जाच्या हिशेबांत आम्ही शिरत नाहीं. प्रामाणिक मार्ग दोनच दिसतात: खरोखरच थोडें करणें, किंवा दुर्मिळतेची भाषा सोडून उघडपणें खेळणीं विकणें. दोहोंतहि प्रथम तरी नफा घटेल. आणि २०१७ पासून शेअरबाजारांत असलेल्या या कंपनीच्या भागधारकांस तें रुचेल असें आम्हांस वाटत नाहीं.