हिरवी जेली आणि चौकटीबाहेरची माणसं

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या यूटामधल्या मॉर्मन कुटुंबांचे जुने फोटो बघत बसायचा मला नाद लागलाय. आई, वडील, उतरत्या उंचीने उभी केलेली सहा-सात मुलं, सगळ्यांचे भांग पट्टीने आखल्यासारखे. टेबलावर हिरवी जेली आणि जेलीत चक्क किसलेलं गाजर! धर्मानुसार दारू नाही, सिगरेट नाही, कॉफी नाही, आणि चहासुद्धा नाही. चहाशिवाय माणूस एवढा हसू कसा शकतो, हा माझा पहिला तात्त्विक प्रश्न. (हसल्याचा त्यांना राग नसावा. २००२च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमध्ये या जेलीची पिनसुद्धा निघाली होती.)

दुसरा प्रश्न अवघड आहे. जे आपण जगलोच नाही, त्याची ओढ वाटणं प्रामाणिक असतं का?

सॉफ्टवेअरमध्ये फक्त यशाचेच लॉग ठेवले, तर सिस्टिम कधी बंद पडतच नाही असं वाटतं. फॅमिली अल्बम हा तसाच लॉग. रोलमध्ये फोटो मोजके, ते रडणाऱ्या आईवर कोण खर्च करणार? शिवाय कोडॅक्रोमची स्लाइड अंधारात जपली, तर तिचे रंग कित्येक दशकं टिकतात. काळ जुना होतो, गाल लालच राहतात.

आणि चौकटीबाहेर कोण? या चर्चमध्ये मुलांना साधारण बाराव्या वर्षी पुरोहितपद मिळायचं. कृष्णवर्णीय पुरुषांना मात्र ते १९७८ पर्यंत नाकारलं होतं. बायकांना ते आजही नाही.

मग ही ओढ खोटी? तसंही नाही. तिकडे ‘फ्युनरल पोटॅटोज’ नावाचा पदार्थ आहे: बटाटे, चीज, वर कॉर्नफ्लेक्सचा चुरा. कुणाच्या घरी मृत्यू झाला की शेजारपाजारचे तो घेऊन येतात. मला हवंय ते हेच. आपण दोन दिवस दिसलो नाही, तर दार वाजवणारं कुणीतरी. आमच्या टॉवरमध्ये ऑर्डर येते, शेजारी येत नाही.

खरी गोची इथे आहे. ही माया आणि ती दारबंदी एकाच भिंतीच्या दोन बाजू असतील तर? ‘आपले’ कोण हे ठरवल्याशिवाय इतका जीव लावता येतच नसेल, तर आपल्या ओढीची किंमत बाहेर उभ्या असलेल्या कुणीतरी चुकवलेली असते. पण १९७८ नंतर बटाटे काही बेचव झाले नाहीत. ताटं अजूनही पोचतात. म्हणजे माया भिंतीवर उभी नव्हती. तसं फक्त सांगितलं जायचं.

म्हणून फोटोंवर हसावं, हळहळावंही. फक्त त्यातलं नेमकं काय हवंय, ते निवडून घ्यावं. शेजारच्या दारात ताट घेऊन जायला मॉर्मन व्हावं लागत नाही. चहाही सोडावा लागत नाही.